पेन्सिलीखालचा गाल

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर आधी खिडकीपाशी चला आणि मला उजेडासमोर धरा. नुसती हातात घेऊन माझ्यात काही दिसायचे नाही. एवढी सवड आजवर फार थोड्यांनी काढली, म्हणून मला ओळखणारेही फार थोडे. मी एक जुनी शीट फिल्म आहे, तुमच्या वहीच्या अर्ध्या पानाएवढी, जाडसर. गुंडाळीची फिल्म तुम्ही कदाचित आजोबांच्या कपाटात पाहिली असेल. तिच्यावर छत्तीस फोटो दाटीवाटीने नांदतात. एकमेकांना कोपरखळ्या मारत का होईना, पण सोबतीने राहतात. आमचे तसे नाही. एक फिल्म, एक फोटो. आपल्या अंगावरचा एकच चेहरा आयुष्यभर सांभाळायचा, आणि त्याच्याशी चार शब्द बोलायचीही सोय नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात. यंत्रांनी माझ्या अंगावर चांदीच्या क्षाराचा सायीसारखा थर चढवला, मला वाळवले, कापले आणि पंचवीस जणींना एका काळ्या डब्यात घालून झाकण लावले. लाल दिवेच का, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे, की माझ्यासारख्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. तुम्हाला जे फिकट लाल दिसते, ते आमच्या लेखी अंधारासारखेच, आणि फोटोत ते काळपट उमटते. ही आमच्या घराण्याची खोड आहे. तिने पुढे किती घोळ घातला ते सांगतेच.

आमचा डबा ज्या फोटोच्या दुकानात आला, ते एका अरुंद रस्त्याच्या वळणावर होते. पुढे रस्त्याकडे तोंड केलेले काचेचे कपाट होते आणि त्यात नमुन्याचे फोटो मांडलेले असत. आत काचेच्या छपराची खोली होती. तिथे लाकडी पेटीसारखा मोठा कॅमेरा तीन पायांवर उभा असे. फोटो काढायचे काम दुकानाच्या मालकांचे. काळ्या कापडात डोके खुपसून ते इतका वेळ उभे राहत, की समोर बसलेल्या लहान मुलांना वाटे, काका आत झोपले की काय!

पडद्यामागे मालकांच्या थोरल्या बहिणीचे टेबल होते. त्यांना सगळा रस्ता पेन्सिलताई म्हणत असे. त्यांचे लग्न झालेले नव्हते. त्या भावाच्या घरी राहत आणि भावाच्याच दुकानात काम करत. काम कसले? फिल्मवरच्या चेहऱ्यांवर पेन्सिल चालवून सुरकुत्या, पुटकुळ्या आणि व्रण बुजवायचे. गिऱ्हाईक पन्नाशीचे आत शिरे आणि फोटोतून पस्तिशीचे होऊन बाहेर पडे. कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नव्हते.

आता माझ्या आयुष्यातल्या त्या एका सकाळकडे येते. मला कॅमेऱ्यात सरकवायच्या एका लाकडी होल्डरमध्ये बसवलेले होते. पलीकडच्या बाजूला, माझ्या पाठीला पाठ लावून, एक बहीण होती. मधे पत्रा असल्यामुळे आम्ही एकमेकींना कधी पाहिले नाही. खुर्चीवर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी येऊन बसली. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खालपासून कानाच्या पाळीपर्यंत, फिकट लाल रंगाची जन्मखूण होती.

“पुढच्या आठवड्यात माझं जहाज आहे,” ती मालकांना म्हणाली. “परदेशात नर्सचं काम मिळालंय. आई नाही मला, बाबा एकटेच राहणार. म्हटलं, निदान चेहरा तरी ठेवून जावा. आजवर एकही फोटो काढू दिला नाही मी. शाळेच्या फोटोतसुद्धा बाईंच्या खांद्याआड उभी राहायचे.”

“काढूया की झकास,” मालक म्हणाले. मग जरा चाचरत म्हणाले, “गाल थोडा तिकडे वळवूया का? म्हणजे ते... दिसणार नाही.”

“नको. समोरूनच काढा. बाबांना अख्खी मी हवी.”

हे बोलताना तिने केस मागे सारून गाल मोकळा केला. एवढे धैर्य तिने बहुधा पहिल्यांदाच केले असावे. मालकांनी माझ्यावरची सरकपट्टी ओढली, भिंगाचे झाकण उचलले, “एक” म्हटले आणि झाकण पुन्हा बसवले. मित्रांनो, माझी सगळी नोकरी ती एवढीच, एका सेकंदाची. पण त्या सेकंदात ती माझ्यात आली. डोके खाली आणि खांदे वर अशी आली, कारण मोठ्या कॅमेऱ्यात सगळे उलटेच येते. मात्र आली ती अख्खी आली. माझ्या बहिणीच्या पाळीला त्या मुलीने नेमके डोळे मिटले आणि ती बहीण त्याच दिवशी कचऱ्याच्या टोपलीत गेली.

डार्करूममध्ये मालकांनी मला औषधाच्या पाण्यात बुडवले आणि माझ्यावर चेहरा उमटला. मी निगेटिव्ह झाले. निगेटिव्ह म्हणजे उलट्या काळजाची. उजळ ते माझ्यात काळे, आणि काळे ते आरपार. तिचा चेहरा माझ्यात काळा, केस आरपार, आणि गालावरची ती खूणही केसांसारखीच आरपार. कागदावर छापला तर तो गाल खऱ्यापेक्षा कितीतरी गडद दिसणार होता. लाल रंगाची आमची ती खोड!

वाळल्यावर मालकांनी मला कागदी पाकिटात घातले आणि पाकिटावर नंबर टाकून पुढे लिहिले, “नेहमीप्रमाणे”. मुलगी काय म्हणाली होती, ते तिथे लिहायला हवे होते. पण बाहेर एक कुटुंब नटूनथटून ताटकळत बसले होते आणि मालकांच्या हाताला त्या एका शब्दाचे वळण पडलेले होते. पाकीट पडद्याआड गेले.

पेन्सिलताईंनी मला उतरत्या काचेवर ठेवले, खालच्या आरशातून उजेड पाडला आणि डोळ्याला भिंग लावले.

“अगं बाई, केवढा डाग हा! पोरीचं नशीब बघ,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

खऱ्या मुलीला त्यांनी पाहिलेच नव्हते. मी दाखवला तेवढाच चेहरा त्यांच्यासमोर होता, आणि मी तर लाल रंगाची आंधळी. त्यांनी माझ्या अंगावर पातळ रोगण चोळले, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने त्या खुणेवर बारीक बारीक रेघा भरू लागल्या, स्वल्पविरामाएवढ्या. अशा हजारो. दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. त्यात कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, उलट त्या मुलीचे भले करतोय असेच त्यांना वाटत होते. म्हणून तर मला त्यांचा धड रागही करता येत नाही.

छाप पाहून मालकांनी तोंडात बोट घातले. “ताई, हात आहे की जादू! शोधूनसुद्धा सापडायचं नाही.”

ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढले. खोटे कशाला बोलू, माझ्याही चढले. पेन्सिलीच्या थराखाली गुदमरल्यासारखे होत होते, पण कौतुक कुणाला नको असते?

दोन दिवसांनी मुलगी फोटो न्यायला आली. ती आणखी छाप मागेल म्हणून मलाही गल्ल्यापाशी काढून ठेवले होते. तिने फोटो हातात घेतला आणि बघतच राहिली.

“ही मी?”

“तुम्हीच!” मालक हसले. “बाबा खूश होतील बघा.”

“हो,” ती म्हणाली. “होतील.”

तिने एकदा स्वतःच्या गालाला हात लावला, फोटो पाकिटात घातला आणि मान खाली घालून निघून गेली. पडद्याच्या फटीतून पाहणाऱ्या ताईंना वाटले, पोर आनंदाने गहिवरली. मला मात्र तिचा चेहरा पाठ होता. त्याच्यावर आनंद नव्हता. धीर करून समोर बसलेल्या माणसाला कुणीतरी हळूच मागच्या रांगेत ढकलावे, तसे तिचे झाले होते.

पुढे मालकांनी त्या फोटोचा मोठा छाप करून काचेच्या कपाटात अगदी मध्यभागी लावला. येणारे जाणारे थबकून बघत. “काय गुळगुळीत काम आहे!” म्हणत आत शिरत. त्या वर्षी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मी खणात, पाकिटात, शंभर पाकिटांच्या मधे उभी होते. शंभर चेहरे शेजारी असूनही प्रत्येकीच्या मधे कागद होता. रस्त्यावरून रोज पहाटे पावाच्या हातगाडीचे चाक कुरकुरत जायचे, तेवढाच काय तो ओळखीचा आवाज. ती गाडी दुकानापुढे आली की क्षणभर थांबते, हे माझ्या लक्षात आले होते. का थांबते ते कळत नव्हते.

दीड वर्षाने ते कळले. एका दुपारी ती हातगाडी ढकलणारे बेकरीवाले काका दुकानात आले. बाहीवर पीठ, भुवयांवर पीठ.

“त्या काचेतला फोटो काढा,” ते म्हणाले.

“का हो? लोक खास बघायला येतात.”

“माझी मुलगी आहे ती. म्हणजे होती. तिकडे तापाची साथ आली. आजाऱ्यांची सेवा करता करता तीच गेली.”

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. “बसा ना,” ते कसेबसे म्हणाले.

“बसत नाही, तुमची खुर्ची पिठाने भरेल.” काकांनी खिशातून घडी घातलेले पत्र काढले. “जाताना फोटो पाकिटात ठेवून गेली, मी गेल्यावर उघडा म्हणाली. मग तिकडून हे पत्र आलं. ऐका. ‘बाबा, फोटो पाहिलात ना? तुम्हाला मनातून मी हवी होते तशीच आलेय की नाही, खरं सांगा. आता भिंतीवर लावायला हरकत नाही.’”

काकांनी पत्राची घडी घातली.

“मनातून!” काका म्हणाले. “अहो, ती जन्मली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या भट्टीची ऊब लागलीय पोरीच्या गालाला, बेकरीवाल्याचीच आहे! रोज सकाळी त्या गालाला अंगठ्याने पीठ लावायचो आणि ती चिडायची. तिला वाटत होतं, मला ती खूण नको होती. पत्राचं उत्तर लिहायला चारदा बसलो. मला लिहायला येत नाही असं नाही, पण जमेना. लिहीन लिहीन म्हणत राहिलो, आणि तिकडच्या दवाखान्याचं पत्र आलं.”

त्यांनी बाहीने नाक पुसले. पीठ आणखी पसरले.

“मला तिला उत्तर द्यायचं राहिलंय हो. समोर बसवून सांगायचंय. पण ह्या गुळगुळीत मुलीला कसं सांगू? हिला मी ओळखत नाही. तिचा दुसरा फोटोच नाही. ती खूण तेवढी परत द्या. तुम्हीच काढलीत ना?”

मित्रांनो, पेन्सिल रोगणावर बसलेली असते. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, की रोगणासकट पुसली जाते आणि खाली सगळे जसेच्या तसे असते. हे मालकांना माहीत होते. पडद्यामागे ताईंना माहीत होते. खणात मला माहीत होते. ‘मी इथे आहे, ती माझ्यात आहे, मला बाहेर काढा!’ असे मला ओरडावेसे वाटले. पण आम्हाला चेहरा देतात, आवाज देत नाहीत.

मालकांना काय वाटले असेल? ‘समोरूनच काढा’ हे शब्द त्यांना नक्की आठवले असणार. खूण पुसून परत आणतो म्हटले, की ती विचारल्याशिवाय बुजवली हेही कबूल करावे लागले असते.

“काका, एकदा भरलं की भरलं,” ते खाली बघत म्हणाले. “ते होत नाही.”

पडद्यामागे पेन्सिल घासण्याचा आवाज थांबला होता. काकांनी पत्र खिशात ठेवले आणि ते निघून गेले. मालकांनी कपाटातला मोठा फोटो लगेच काढून टाकला, तेवढे मात्र केले.

“खोटं का बोललास?” ताई बाहेर येऊन म्हणाल्या.

“पुसताना ओरखडा गेला तर? मग आहे तेही हातचं जायचं.”

“माझ्या हातून ओरखडा?”

“ताई, आता पुरे. चार दिवसांनी विसरतील ते.”

“बाप विसरतो होय रे?”

मालक डार्करूममध्ये गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. ताईंनी माझा खण उघडला. माझ्या पाकिटावर त्यांची बोटे आली आणि तशीच परत गेली. ज्या छपराखाली राहायचे, त्याच्या मालकाला खोटे पाडायचे, आणि वर आपली दोन दिवसांची करामत म्हणजे एका बापावर केलेला अन्याय होता हे त्याच्या तोंडावर मान्य करायचे, एवढे बळ त्यांना गोळा करता आले नाही. खण बंद झाला. पंधरा मिनिटांचे काम होते, मित्रांनो.

मग बारा वर्षे गेली. बारा वर्षे मी अंधारात उभी होते, हे मी सांगते एका वाक्यात, पण तुम्ही ते एका वाक्यात ऐकू नका. आधी आसपास खणांची उघडझाप असायची. मग छोटे कॅमेरे आले, घरोघरी फोटो निघू लागले आणि उघडझाप कमी झाली. मोठा कॅमेरा एका माणसाने बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवायला नेला. ताई मात्र त्या दुपारपासून बदलल्या होत्या. पेन्सिल उचलण्याआधी त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, “काय ठेवायचं आणि काय काढायचं?” एकदा एक गृहस्थ म्हणाले, “टक्कल तेवढं काढा.” त्यावर ताई म्हणाल्या, “टक्कल काढायला केस लावावे लागतील, तेवढी पेन्सिल माझ्याकडे नाही.” पडद्यामागे हशा पिकला. पण काम झाले की त्या खणाकडे बघत बसत, आणि पहाटे हातगाडीचे चाक कुरकुरले की घरात त्यांना जाग येई, हे त्याच एकदा भावाला म्हणाल्याचे मी ऐकले. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांचे दुकानात येणे थांबले.

शेवटी मालकांनी दुकान आवरायला काढले. भंगारवाला आला आणि त्याने खणांवर नजर टाकली.

“फिल्म घेतो मी. धुतल्या की चांदी निघते. पण पाकिटं काढून द्या, कागद मला नको.”

मालकांनी दोन दिवस बसून पाकिटे काढली. नंबर, नावे, तारखा सगळे एका पोत्यात गेले आणि आम्ही फरशीवर ढिगात. कारखान्याच्या डब्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला दुसऱ्या फिल्मचा स्पर्श झाला. पण वर एक अनोळखी नवरदेव, खाली कुणाचे तरी बाळ. आता धुतले की माझ्यातली ती जाणार होती. जगात तिचा खरा गाल फक्त माझ्याजवळ होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, भंगारवाल्याची गाडी यायच्या आधी, पेन्सिलताई भिंतीला धरत धरत आल्या.

“मला ती एक हवी आहे,” त्या म्हणाल्या. कुठली, ते मालकांनी विचारले नाही.

“ताई, साडेतीन हजार आहेत. नंबर गेले. तुला धड चेहरा दिसत नाही, कशी शोधणार?”

“चेहरा दिसत नाही. माझं काम दिसतं.”

त्या फरशीवर बसल्या. एकेक फिल्म उचलून खिडकीसमोर तिरकी धरत, पालथी करत, बाजूला ठेवत. पेन्सिलीचे काम समोरून दिसत नाही, पण तिरक्या उजेडात शिशासारखे चमकते. कुणाच्या कपाळावर दोन रेघा चमकत, कुणाच्या डोळ्यांखाली चिमूटभर. ताई पुटपुटत, “ही नाही. ही नाही.” नवरदेव उचलला गेला. मग मी. मी तिरकी झाले आणि माझा अख्खा डावा गाल लखकन चमकला.

“सापडली,” ताई म्हणाल्या, आणि मला उराशी धरून हुंदके देऊन रडल्या. बारा वर्षांत मला कुणी असे जवळ घेतले नव्हते.

त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा माझ्यावर फिरवला. दोन दिवसांच्या त्या हजारो रेघा काळ्या पाण्यासारख्या कापसात उतरल्या. ताईंना त्यांचे दुःख झालेले दिसले नाही. मला मोकळा श्वास आला. मग त्या चाचपडत डार्करूमकडे निघाल्या, तेव्हा मालक उठले.

“थांब. औषध मी कालवतो. तुला माप दिसणार नाही.”

तेवढेच बोलले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, पण शिल्लक राहिलेल्या जुन्या कागदावर त्यांनी स्वतः माझा छाप काढला. गाल फार काळा येऊ नये म्हणून उजेड तिथे हाताने अडवून, जपून जपून, खऱ्या खुणेइतका फिकट केला. खरी खूण त्या दोघांत त्यांनीच जवळून पाहिली होती.

त्याच दिवशी ताईंनी तो छाप आणि मला नवीन पाकिटात घातले आणि बेकरीत नेले. काका गल्ल्यामागे स्टुलावर बसले होते, पार पिकलेले. ताईंनी छाप त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी हात पुसले. छाप उचलला. डोळ्यांजवळ नेला.

“ही आली की,” ते अगदी हळू म्हणाले.

“मी ती पेन्सिलवाली,” ताई म्हणाल्या. “तुमच्या मुलीचा गाल मीच बुजवला होता.”

“होत नाही म्हणाले होते ना?”

“होत होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी पडद्यामागे होते, सगळं ऐकत होते. तोंडातून शब्द काढला नाही.”

काकांनी छाप गल्ल्यावर ठेवला.

“बारा वर्षं?”

“हो.”

“मी रोज तुमच्या दुकानावरून जात होतो.”

“माहीत आहे. गाडीचा आवाज ऐकू यायचा.”

काकांनी माफ केले असे म्हटले नाही. ताईंनीही माफी मागितली नाही. काका छाप घेऊन उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. आम्ही दोघी गल्ल्यापाशी राहिलो, ताई उभ्या आणि मी पाकिटात.

काका आत आहेत तेवढ्यात, मित्रांनो, तुम्हाला एक सांगून घेते. कुणाचा चेहरा असो, चित्र असो की निबंध असो, तो सुधारायला हात लावण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारा. तुम्हाला जो डाग वाटतो, तो कुणाच्या तरी बापाच्या जिवाचा तुकडा असू शकतो. विचारायचे राहून गेले आणि चूक झाली, तर ती पुसायला बारा वर्षे लावू नका. आणि घरात जुन्या फिल्मचा डबा सापडला, तर टाकून देण्याआधी प्रत्येकीला एकदा खिडकीसमोर धरून बघा. आमच्यात कोण अडकून बसले आहे, हे आम्ही हाक मारून सांगू शकत नाही. एवढेच मागणे आहे.

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. कुणाला तरी समोर बसवावे, तसे काका बोलू लागले.

“नाही गं पोरी. मनातून वगैरे काही नाही. मला तू अशीच हवी होतीस. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस.”